ज्या कामांना तारीख नसते

आंबेमोहोर, पुणे
रविवार, सकाळी ८.१५

मी एका लहान कारखान्याच्या लेखा विभागात गेली २२ वर्षे काम करते. माझा महिना तारखांनी बांधलेला असतो. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ तारखेला जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी आणि २० तारखेला कराच्या भरण्यासह मासिक विवरणपत्र. इतक्या वर्षांत यांपैकी एकही तारीख मी चुकवलेली नाही आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटत असे.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी, गावठाणात, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले घर आहे. त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी आत्या ३० वर्षांपासून राहते. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटपर्यंत तिचे सगळे आत्यानेच केले. त्या दोन खोल्या आत्याच्या नावे व्हाव्यात अशी वडिलांची इच्छा होती आणि ती त्यांनी आम्हा सर्वांना अनेकदा बोलून दाखवली होती. मृत्युपत्र करण्यासाठी तालुक्याच्या गावी वकिलांकडे जायचे होते आणि सोबत मी असावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते फोनवर विचारत आणि मी सांगत असे, "दादा, २० तारीख होऊ दे, मग येते." वीस तारीख दर महिन्याला होत असे. ती झाली की पुढची ७ दिसू लागे.

ते गेल्यानंतर त्यांच्या कपाटात शंभर पानी वही सापडली. तिच्यात मृत्युपत्राचे तीन मसुदे शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. प्रत्येक वेळी आत्याच्या खोल्यांचा परिच्छेद त्यांनी अधिक काळजीपूर्वक लिहिला होता. तिसऱ्या मसुद्यात मागच्या मोरीचा आणि तुळशीवृंदावनाचाही उल्लेख होता. सही कोठेच नव्हती. सही आणि दोन साक्षीदार नसलेला मसुदा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसता कागद होय. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी आणि मुले हे पहिल्या वर्गातील वारस ठरतात आणि ते असताना बहिणीला काहीही मिळत नाही. आई, भाऊ आणि मी, तिघांपैकी कोणाचाही विरोध नाही. परंतु आता आधी आमची नावे लागणार, मग आम्ही मुद्रांक शुल्क भरून आत्याच्या नावे बक्षीसपत्र करून देणार. जे काम वडिलांच्या एका सहीने झाले असते, त्यासाठी वर्ष उलटून गेले तरी आम्ही अर्ध्यावरच आहोत.

पैशाचे आणि हेलपाट्यांचे मला फारसे वाटत नाही. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर आत्या माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी इथेच राहू ना गं?" हा प्रश्न तिला विचारावा लागला, हे मला सहन होत नाही.

ज्या कामांना तारीख नसते, त्यांना आपण आपल्या दिवसात जागा कशी करून देता? सामान्य उपदेश नको आहे. प्रत्यक्ष आपण काय करता आणि त्याचा उपयोग झाला की नाही, हे कृपया लिहावे.

निळी_शाई
रविवार, सकाळी १०.३०

ताई, आपल्या आत्यांचा प्रश्न वाचून फार वेळ पुढे काही लिहिता आले नाही.

तातडीचे आणि महत्त्वाचे यांतील भेद सांगणारा चार घरांचा चौकोन बहुतेकांनी कार्यालयीन प्रशिक्षणात पाहिलेला असतो. त्याचे मूळ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५४ सालच्या एका भाषणात सांगितले जाते. त्या भाषणात त्यांनी तो विचार स्वतःचा म्हणून मांडला नव्हता. एका महाविद्यालयाच्या माजी अध्यक्षांचे म्हणणे म्हणून त्यांनी तो सांगितला होता. चौकोनाच्या रूपात तो घरोघरी पोहोचला तो अमेरिकी लेखक स्टीफन कोवी यांच्या पुस्तकामुळे, १९८९ नंतर. मी शिक्षिका आहे आणि हा चौकोन मी कित्येकदा काढला आहे. कामे घरांत बसवताना मोठे समाधान मिळते. मात्र महत्त्वाच्या पण बिनतातडीच्या घरात लिहिलेले काम पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्याच घरात लिहीत असे. चौकोन कामे ओळखायला शिकवतो, ती करण्यासाठी उठवत नाही.

मला अधिक उपयोगी वाटले ते २०१८ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन. त्यात लोकांपुढे दोन कामे ठेवली होती. एका कामाचा मोबदला कमी होता, पण त्याची मुदत लवकर संपणारी दाखवली होती. दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि मुदतही लांबची होती. दोन्ही कामांना वेळ पुरेसा होता, म्हणजे मुदतीने प्रत्यक्षात काहीच फरक पडत नव्हता. तरीही पुष्कळांनी कमी मोबदल्याचे, पण घाईचे दिसणारे काम निवडले. स्वतःला नेहमी कामात बुडालेले समजणाऱ्यांत हे अधिक आढळले. निवड करण्याच्या क्षणी मोबदल्याकडे लक्ष वेधले की हा परिणाम कमी होत असे. म्हणून मी यादीत कामापुढे "कोणासाठी" असा एक रकाना वाढवला. "निबंधाच्या वह्या तपासणे" याऐवजी मी आता मागच्या बाकावरच्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाचे नाव लिहिते. वह्या अजूनही साचतात, पण त्या मुलाची वही आता राहून जात नाही.

वाफसा, हिंगोली
रविवार, दुपारी २.०५

आम्ही शेतकरी. आमच्याकडे तातडीचे म्हणजे काय, हे पाऊस ठरवतो. मृग लागला की घरातले प्रत्येक माणूस पळत असते आणि त्या वेळी कोणालाही काही समजावून सांगता येत नाही. म्हणून पेरणी चांगली होणार की नाही, हे पेरणीच्या दिवशी ठरतच नाही. ते मे महिन्यात, सावलीत बसून करायच्या कामावर ठरते.

सोयाबीनचे घरचे बियाणे ठेवले असेल तर त्याची उगवण तपासावी लागते. या दाण्याचे टरफल फार पातळ असते. पोते आपटले किंवा थप्पी उंच लावली तरी दाणा आतून दुखावतो आणि वरून मात्र तसाच पिवळाधमक दिसतो. तपासणीला खर्च नाही. पोत्याच्या वरून, मधून आणि खालून मूठमूठ दाणे घेऊन ते मिसळायचे आणि न निवडता १०० दाणे मोजायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा घालायचा आणि गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज थोडे पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले, सरळ कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा अधिक आले तर एकरी ३० किलोचे नेहमीचे प्रमाण ठेवता येते. त्याच्या थोडे खाली उतरले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे आणि फारच खाली उतरले तर ते बियाणे बाजूला ठेवून दुसरे बघायचे. त्यासाठी हाताशी अजून महिना असतो.

एका वर्षी आमच्या घरी धाकट्या बहिणीचे लग्न मे महिन्यात होते. मांडव, पाहुणे, आहेर, सगळे तातडीचे. "बियाणे दरवर्षीचेच आहे, चांगलेच आहे," असे म्हणून मी गोणपाट भिजवलेच नाही. जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबलो, वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल झाली, आणि पेरणी झाली. आठव्या दिवशी बांधावर उभा राहिलो तर ओळींत वीतवीतभर जागा मोकळ्या दिसत होत्या. वडील शेजारी उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी वाकून माती उकरली आणि कुजलेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला. दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, खत, बैलजोडीचे भाडे, सगळे दुसऱ्यांदा. शिवाय पंधरा दिवस उशीर झाला तो वेगळाच.

त्यानंतर आम्ही ते काम अक्षय्य तृतीयेला बांधून टाकले. सकाळी घागरीची पूजा होते आणि त्याच पाण्याने गोणपाट भिजवायचे. आता ते माझ्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही. आईच विचारते, "दाणे मांडले का?" ताई, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. तारीख नसलेल्या कामाला एखाद्या सणाच्या पदराला बांधावे. सण कोणी पुढे ढकलत नाही.

रात्रपाळी
रविवार, रात्री ११.५०

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. अपघात विभागात तातडीच्या कामाबद्दल वाद घालायला जागा नसते आणि तेथे तातडीचे तेच महत्त्वाचे असते. म्हणून तातडीला सरसकट नावे ठेवलेली मला पटत नाहीत.

मात्र अपघात विभागात येणारी सगळीच माणसे अपघाताने आलेली नसतात. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असते, चप्पल चावलेली कळत नाही आणि जखम चिघळल्यावर माणूस खांद्याच्या आधाराने आत येतो. रोज रात्री तळपाय उजेडात धरून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पायाला भेग आहे का, फोड आहे का, बोटांच्या बेचक्यांत ओल आहे का, एवढेच पाहायचे असते. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहता येते. हे मी शेकडो रुग्णांना शिकवले आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितले आहे की वेळ मिळत नाही. ते खोटे बोलत नसतात. न दुखणाऱ्या पायाकडे पाहावे असे दिवसभरात त्यांना कशानेच सुचवलेले नसते.

माझे स्वतःचे सांगायचे तर इतरांचा रक्तदाब मोजण्यात माझी पाळी संपत असे आणि माझा रक्तदाब मी तीन वर्षे मोजला नव्हता. सहकारी मैत्रिणीने एकदा सहज पट्टा बांधला आणि आकडा पाहून तिने मला उठूच दिले नाही. आता आम्ही दोघी दर महिन्याच्या पहिल्या पाळीला एकमेकींचा मोजतो. स्वतःचा स्वतः मोजायचे ठरवले असते तर राहून गेले असते, याची मला खात्री आहे.

उंबरठा
सोमवार, दुपारी ३.२०

वरचे सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते.

महत्त्वाचे आधी आणि तातडीचे नंतर, असे जो म्हणू शकतो, त्याच्या वाट्याचे तातडीचे काम बहुधा दुसरे कोणी तरी करत असते. आमच्या वस्तीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी येते आणि पाऊण तास टिकते. ते भरणे महत्त्वाचे आहे की तातडीचे, हे ठरवत बसायला सवड नसते. त्यानंतर दोन डबे, सासूबाईंची न्याहारीपूर्वीची गोळी, मुलीची वेणी आणि रिक्षा. यांतले एकही काम मला यादीतून काढता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही. वेळेच्या नियोजनावरची व्याख्याने ऐकते तेव्हा मला वाटते की त्यांतील माणसाला भूक लागत नाही आणि त्याच्या घरी कोणी आजारी पडत नाही.

मी ३८ व्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव घातले. पहिले वर्ष पुस्तके न उघडताच गेले. वेळापत्रके मी तीन वेळा केली, भिंतीवरही लावली. पाणी भरताना हंडा भरेपर्यंत एक परिच्छेद वाचायचा, असेही करून पाहिले. पण हंडा भरत आला की लक्ष पाण्याच्या आवाजाकडे जायचे आणि वाचलेले पुसले जायचे.

शेवटी ज्यामुळे फरक पडला, ते नियोजन नव्हते. मी यजमानांजवळ बसले आणि म्हटले की मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी आणि डबे तुम्ही पाहा, मला साडेपाच ते साडेसात हवे आहेत. त्यांना वाईट वाटले ते या गोष्टीचे, की हे मी आधी मागितले नव्हते. पहिल्या मंगळवारी पोळ्या जाड झाल्या आणि सासूबाईंची गोळी अर्धा तास उशिरा गेली. मी आतल्या खोलीत दार लोटून बसले होते, मला सगळे ऐकू येत होते आणि बाहेर न जाता बसून राहणे हाच त्या दिवशीचा माझा खरा अभ्यास होता. दुसऱ्या वर्षाचे सर्व विषय सुटले.

म्हणून ताई, आपण स्वतःला एवढा दोष देऊ नये. एवढ्या वर्षांत २० तारखेचे विवरणपत्र आपल्याऐवजी भरू शकेल असे आपल्या कार्यालयात कोणी होते का, हा प्रश्न विचारून पाहावा.

तिसरा_मजला, बेंगळुरू
सोमवार, सायंकाळी ७.१०

फोनबद्दल थोडेसे. माझ्या फोनवर इमारतीचा, कार्यालयाचा, शाळेतल्या मित्रांचा आणि नातेवाइकांचा असे सर्व गट एकाच आवाजात वाजत. पाण्याचा टँकर आला हा निरोप आणि वडिलांचा "वेळ मिळाला की फोन कर" हा निरोप, दोन्ही सारखेच वाजत आणि उत्तर मात्र आधी टँकरला जाई. आता सर्व गटांचे आवाज बंद आहेत आणि फक्त चार माणसांचे फोन वाजतात. बाकीचे निरोप मी दुपारी आणि रात्री एकदम पाहतो. पहिल्या आठवड्यात दोन जण रागावले, नंतर सवय झाली.

मुद्रांक
सोमवार, रात्री ९.००

दस्तनोंदणीच्या कामात आयुष्य गेले, म्हणून केवळ माहिती देतो. धागा वाचून कोणी घरी हा विषय काढणार असेल तर त्याला मृत्युपत्र अवघड वाटून ते पुन्हा लांबणीवर पडू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नसते, त्यांनी सही होताना पाहिलेली असावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय जास्त असेल तर मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडण्याची पद्धत आहे. हयातीत ते केव्हाही बदलता येते आणि शेवटचे केलेले ग्राह्य धरले जाते. बँकेत वारस म्हणून नाव लावले आहे, मग मृत्युपत्र कशाला, असे पुष्कळ लोक म्हणतात. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, तेवढ्याने ती मालक होत नाही.

सही करायला लागतो तो अर्धा तास. लोकांची वर्षे जातात ती घरात हा विषय काढण्यात. आपल्या वडिलांनी तो काढला होता, एवढे धैर्य फार थोड्या माणसांत मी पाहिले आहे.

आंबेमोहोर, पुणे
गुरुवार, रात्री १०.२५

तीन दिवस मी हे सर्व पुन्हा पुन्हा वाचते आहे.

वाफसा यांच्या आईंचा "दाणे मांडले का?" हा प्रश्न आणि रात्रपाळी यांची एकमेकींचा रक्तदाब मोजणारी जोडी, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला माझी चूक नीट दिसली. मी समजत होते की माझ्याकडे शिस्त आहे. वास्तविक ७, ११, १५ आणि २० या तारखांना मला विचारणारे कोणी तरी होते. मालक विचारत, सनदी लेखापाल विचारत, विलंब शुल्क विचारत असे. दादाही विचारत होते, पण ते एवढ्या हळू आवाजात आणि एवढ्या मायेने विचारत की त्यांना "नंतर" म्हणणे सोपे जाई. जो आपल्याला सांभाळून घेतो, त्याचेच काम आपण मागे ठेवतो. हे लिहितानाही त्रास होतो आहे.

उंबरठा ताई, आपला प्रश्न मी खरोखरच विचारून पाहिला. आमच्या विभागात गेली चार वर्षे एक तरुण मुलगी आहे. विवरणपत्र भरणे मी तिला कधी शिकवले नाही, कारण शिकवण्यापेक्षा स्वतः करणे लवकर होई. म्हणजे दुसरे कोणी नव्हते असे नाही, मीच कोणाला तयार केले नव्हते.

बक्षीसपत्राच्या नोंदणीसाठी तालुक्याच्या कार्यालयात पुढच्या महिन्याच्या १९ तारखेची वेळ मिळाली आहे. एरवी मी ती घेतली नसती आणि वकिलांना २० नंतरची मागितली असती. या वेळी "चालेल" म्हटले आणि १८ ते २० अशी रजा टाकली. कालपासून त्या मुलीला शेजारी बसवून खरेदीची बिले जीएसटीच्या पोर्टलवरच्या नोंदींशी कशी जुळवायची ते दाखवते आहे. पहिल्याच दिवशी तिने एका पुरवठादाराचे दोनदा नोंदलेले बिल शोधून काढले.

तारीख मी आत्याला फोन करून सांगितली आणि तिला विनंती केली की आजपासून दर गुरुवारी तिने मला फोन करून कामाचे काय झाले ते विचारायचे. तिला ते पटत नव्हते. "तुला कामं असतात, मी कशाला मधे मधे," असे ती म्हणत राहिली. तिने विचारले नाही तर माझ्याकडून राहून जाईल, असे मी तिला खरेच सांगितले. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारले, "फोटो लागतील ना? माझ्याकडे रेशनकार्डावरचा जुनाच आहे."

शनिवारी मी गावी जाते आहे. आत्याला घेऊन आधी फोटो काढायला जायचे आहे आणि दादांची ती वहीही सोबत न्यायची आहे. बक्षीसपत्रात खोल्यांचे वर्णन लिहिताना वकिलांना त्यातला तिसरा मसुदा दाखवणार आहे, मोरी आणि तुळशीवृंदावनासह.